‘स्वतः लिहिलेले’ : बॉस्टन ते रॉचेस्टर

पहिला दिवस : बॉस्टन

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ज्या ‘सदाचारी लोकां’नी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी ते अर्पण केले. ही अर्पणपत्रिका मी वर्गात किती वेळा वाचून दाखवली असेल, याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर मात्र तिच्यातला एक प्रश्न मनात घर करून राहिला. हे लोक सदाचारी झाले कसे? त्यांनी कोणाचे लिहिलेले वाचले होते? यंदा ऑक्टोबरात भाच्याकडे, निनादकडे, बॉस्टनला जाण्याचा योग आला, तेव्हा मी त्याला पाहायच्या ठिकाणांऐवजी भेटायच्या माणसांची यादी दिली. सगळी माणसे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची होती आणि त्यातली बरीचशी गुलामीतून पळून आलेली होती. त्याने आठवड्याची रजा काढली आणि “मावशी, चालायची तयारी ठेव,” एवढेच बजावले.

बीकन हिल ही बॉस्टनमधली जुनी टेकडी. तिच्या माथ्यावर सरकारी भवनाचा सोनेरी घुमट आहे आणि त्याच्या समोर रस्त्याच्या कडेला अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीचे ब्राँझचे शिल्प आहे. हे शिल्प १८९७ सालचे असून कृष्णवर्णीय सैनिक त्यात खांद्याला बंदुका लावून कूच करताना दिसतात. गुलामीतून पळून येऊन पुढे वक्ता आणि लेखक झालेल्या फ्रेडरिक डग्लसचे दोन मुलगे या पलटणीत होते. आम्ही तिथे फार थांबलो नाही, कारण मला या कहाणीच्या आधीच्या टोकाकडे जायचे होते.

टेकडीच्या उत्तर उतारावर, जॉय स्ट्रीटच्या आसपास, एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वस्ती होती. रस्ता अरुंद, पदपथ विटांचे आणि झाडांच्या मुळांनी उचकटलेले. याच रस्त्यावर, क्रमांक ८१च्या जागी, डेव्हिड वॉकर राहत असे. त्याचा बाप गुलाम होता आणि आई स्वतंत्र होती. तिथल्या कायद्यानुसार मूल आईच्या वाटेने जात असल्यामुळे तो जन्मापासून स्वतंत्र. उत्तर कॅरोलिनातून तो बॉस्टनला आला आणि बंदराजवळ जुन्या कपड्यांचे दुकान चालवू लागला. न्यूयॉर्कमध्ये १८२७ साली निघालेल्या ‘फ्रीडम्स जर्नल’ या कृष्णवर्णीयांच्या पहिल्या वृत्तपत्राचा तो बॉस्टनमधला प्रतिनिधी होता. त्या पत्राच्या पहिल्याच अंकात संपादकांनी म्हटले होते की, आमची बाजू आम्हालाच मांडायची आहे, आमच्या वतीने दुसरे फार काळ बोलत आले. सप्टेंबर १८२९मध्ये वॉकरने जगातल्या कृष्णवर्णीय नागरिकांना उद्देशून एक आवाहन-पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापून काढली.

ही पुस्तिका मी इथे येण्यापूर्वी मूळ पानांच्या प्रतिमांतून वाचली होती आणि तिच्या छपाईनेच थक्क झाले होते. वाक्याचा जोर वाढला की उद्गारचिन्हे एकाची दोन, दोनाची तीन होतात. महत्त्वाच्या मजकुराकडे बोट दाखवणाऱ्या हाताच्या चित्राचा छपाईचा खिळा ओळीच्या सुरुवातीला छापलेला आहे. ज्याने कधी पुस्तक हाती धरले नाही त्याच्यापुढे मोठ्याने वाचून दाखवताना आवाज कुठे चढवायचा, हे जणू पानावरच लिहून ठेवले आहे. ज्याला वाचता येते त्याने वाचावे, येत नसेल त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, असे वॉकरने पुस्तिकेतच सांगितले आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली वाक्ये तो अमेरिकनांसमोर धरतो आणि तुमचीच भाषा तुम्हाला कळते का, असे विचारतो. गुलामाने आपल्या मुक्तीसाठी लढणे हा गुन्हा नाही, हेही तो आडपडदा न ठेवता लिहितो.

दुकानात येणारे खलाशी ही पुस्तिका दक्षिणेत नेत. कोटांच्या अस्तरांत शिवून ती पाठवली जाई, असे सांगतात. डिसेंबर १८२९मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना बंदरात साठ प्रती जप्त झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच जॉर्जियाच्या विधिमंडळाने कायदा केला. असे साहित्य वाटणाऱ्याला कठोर शिक्षा, कृष्णवर्णीय खलाशी असलेल्या जहाजांना बंदराबाहेर विलगीकरण आणि गुलामांना वाचायला शिकवण्यास मनाई. चार्ल्सटनमध्ये एका गोऱ्या खलाशाला प्रती वाटल्याबद्दल एक वर्षाची कैद आणि हजार डॉलर दंड झाला. शब्दांचा प्रभाव कसा मोजावा यावर पुष्कळ वाद होऊ शकतो, पण जुने कपडे विकणाऱ्या एका माणसाच्या पुस्तिकेपायी राज्यांना आपले कायदे बदलावे लागले, याहून स्पष्ट माप मला दुसरे दिसत नाही. ऑगस्ट १८३०मध्ये वॉकर मरण पावला. विषप्रयोगाची कुजबुज तेव्हा पुष्कळ झाली, पण मृत्यू बहुधा क्षयाने झाला असावा.

त्याच घरात मराया स्टुअर्ट ही विधवा काही काळ राहिली होती. नवऱ्याची मिळकत गोऱ्या व्यवस्थापकांनी तिच्या हातून काढून घेतली होती. १८३१ साली ती आपले हस्तलिखित घेऊन विल्यम लॉइड गॅरिसन या गुलामगिरीविरोधी गोऱ्या संपादकाच्या कचेरीत गेली आणि त्याने ते छापले. पुढच्या वर्षी तिने स्त्री-पुरुषांच्या जाहीर सभेत भाषण केले. अमेरिकन स्त्रीने असे करण्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी तो एक होता. स्वजनांनाही ते रुचले नाही आणि १८३३ साली निरोपाचे भाषण करून ती बॉस्टन सोडून गेली. ८१ क्रमांकाच्या दारासमोर मी काही वेळ उभी राहिले. सावित्रीबाई शाळेकडे ज्या रस्त्याने जात, तो आठवला.

संध्याकाळपूर्वी स्मिथ कोर्ट या बोळातले आफ्रिकन मीटिंग हाउस पाहिले. १८०६ सालची ही विटांची प्रार्थनावास्तू आता संग्रहालयाचा भाग आहे. आत तीन बाजूंनी वळत गेलेला सज्जा आणि खाली लाकडी बाके आहेत. ६ जानेवारी १८३२ रोजी गॅरिसनने न्यू इंग्लंडची गुलामगिरीविरोधी संस्था इथेच स्थापन केली. इतिहासाच्या पुस्तकांत गॅरिसनचे नाव आधी येते आणि त्याची योग्यताही मोठी आहे. पण त्याचे ‘द लिबरेटर’ हे वृत्तपत्र १ जानेवारी १८३१ला निघाले, तेव्हा ते जगवले ते कृष्णवर्णीय वर्गणीदारांनी. पहिल्या काळात वर्गणीदारांत बहुसंख्या त्यांचीच होती. मुक्त झालेल्यांना आफ्रिकेत पाठवून द्यावे ही कल्पना तेव्हा सज्जन गोऱ्या मंडळींत फार मान्यता पावलेली होती आणि गॅरिसनही पूर्वी तिच्याकडे झुकला होता. तिच्याविरुद्ध त्याने १८३२ साली जे पुस्तक लिहिले, त्याच्या मोठ्या भागात गावोगावच्या कृष्णवर्णीय सभांचे ठराव आहेत. आम्ही इथे जन्मलो, इथेच राहणार, असे त्यांनी १८१७पासून लिहून ठेवले होते. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्या बाकावर बसल्या बसल्या मिळाले.

दुसरा दिवस : केंब्रिज

सकाळी पाऊस होता. दुपारी उघडीप झाल्यावर माउंट ऑबर्न स्मशानभूमीत गेलो. मेपलची लाल पाने ओल्या पायवाटेवर चिकटलेली होती. हॅरिएट जेकब्जची समाधी शोधायला नकाशा घेऊनही बराच वेळ लागला. साधा दगड, शेजारी भाऊ जॉन आणि मुलगी लुइसा यांचे दगड.

हॅरिएट उत्तर कॅरोलिनातल्या ईडन्टन गावची. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी ती आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत लपली आणि जवळजवळ सात वर्षे तिथे राहिली. ती पोकळी नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जिथे सर्वांत उंच तिथे तीन फूट. उभे राहणे शक्यच नव्हते. अंधारात चाचपडताना तिला एक गिरमिट सापडले आणि त्याने तिने लाकडाला छिद्रे पाडून इंचभर झरोका केला. त्यातून तिला आपली मुले दिसत. मुलांना ठाऊक नव्हते की आई डोक्यावर आहे. त्या पोकळीत बसून ती मालकाला पत्रे लिही आणि विश्वासू माणसाकरवी ती न्यूयॉर्कहून टपालात टाकवी, म्हणजे मालक शोध घेत उत्तरेकडे जाईल. लेखणीचा असा उपयोग मी दुसऱ्या कोणा लेखिकेचा वाचलेला नाही.

पुढे उत्तरेत पळून आल्यावर तिने आपली कथा लिहायचे ठरवले, पण ती एका घरी मुले सांभाळत होती आणि लिहायला रात्रच उरे. ‘अंकल टॉम्स केबिन’ या १८५२ सालच्या कादंबरीने तेव्हा देश ढवळून निघाला होता. त्या कादंबरीच्या लेखिकेने हॅरिएटची कथा आपल्या पुढच्या पुस्तकात वापरायचे सुचवले, तेव्हा हॅरिएटने ते मानले नाही. तिला स्वतःच लिहायचे होते. ठरलेला प्रकाशक दिवाळखोरीत गेला, तेव्हा तिने छपाईचे साचे विकत घेतले आणि १८६१ साली ‘इन्सिडंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ बाहेर आले. त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. आत कथा सांगणारी ‘लिंडा ब्रेंट’ होती आणि नामपृष्ठावर ‘स्वतः लिहिलेले’ हे शब्द होते. तरीही पुढे शंभराहून अधिक वर्षे पुष्कळ अभ्यासक ती कल्पित कथा किंवा पुस्तक संपादित करणाऱ्या बाईची करामत समजत राहिले. हॅरिएटच्या पत्रांवरून लेखकत्व सिद्ध होऊन नवी आवृत्ती निघाली ती १९८७ साली. निनादचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी. त्याला ते सांगितल्यावर तो दगडाजवळ खाली बसला आणि अक्षरांवर चिकटलेली पाने एकेक करून काढू लागला.

तिसरा दिवस : न्यू बेडफर्ड

बॉस्टनच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर हे बंदर आहे. देवमाशांच्या शिकारीवर ते एके काळी गडगंज झाले होते. सप्टेंबर १८३८मध्ये मेरीलँडमधून पळालेला वीस वर्षांचा फ्रेडरिक बेली नवविवाहित ॲनासह इथे उतरला. सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या २१ क्रमांकाच्या घरात नेथन आणि मेरी जॉन्सन या कृष्णवर्णीय दांपत्याने त्यांना आसरा दिला. पळून येताना फ्रेडरिकने घेतलेले ‘जॉन्सन’ हे नाव गावात फार झाले म्हणून नेथनने, तेव्हा वाचत असलेल्या स्कॉटच्या काव्यातून, त्याला ‘डग्लस’ हे नाव दिले. ते घर अजून उभे आहे आणि समोरच्या छोट्या उद्यानात तरुण डग्लसचा पुतळा आहे.

डग्लस बोटींच्या फटी बुजवण्याच्या कामात कसबी होता, पण गोरे कारागीर त्याच्याबरोबर काम करायला तयार नव्हते. म्हणून त्याने तेलाची पिंपे गलबतावर चढवली, कोळसा भरला, पितळ ओतण्याच्या कारखान्यात भाता चालवला. तिथला एक तपशील त्याच्याच आत्मकथनातला आहे. भात्याजवळच्या खांबावर तो वर्तमानपत्र खिळ्याने ठोकून ठेवी आणि जड दांडा वरखाली करता करता वाचत जाई. ‘लिबरेटर’ची वर्गणी भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते, तरी प्रतिनिधीने त्याचे नाव वर्गणीदारांत घातले. नदीकाठी उभी राहून मी ते चित्र डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. दांडा खाली गेला की एक ओळ, वर आला की दुसरी.

तीन वर्षांनी, ऑगस्ट १८४१मध्ये, नॅन्टकेट बेटावरच्या सभेत तो बोलला आणि वक्ता म्हणून त्याचे आयुष्य सुरू झाले. पण तो इतके नीटस बोले की हा गुलाम असणेच शक्य नाही, असे लोक म्हणू लागले. त्याला उत्तर म्हणून १८४५ साली त्याने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात मालकांची खरी नावे, गाव, मळा, सगळे लिहिले होते. पकडून परत नेण्यासाठी लागणारा सारा पत्ताच त्याने छापून दिला. पुस्तकाच्या नावातच ‘स्वतः लिहिलेले’ असे शब्द होते, तरी गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स या दोन गोऱ्या गृहस्थांची प्रशस्ती आधी जोडावी लागली. पन्नास सेंट किमतीच्या या पुस्तकाच्या पाच हजार प्रती चार महिन्यांत संपल्या.

मूळच्या मेरीलँडच्या एका गृहस्थाने वृत्तपत्रात पत्र लिहून त्याला खोटे ठरवायचा घाट घातला. फ्रेडरिक बेलीला मी चांगला ओळखत होतो, तो अगदी सामान्य, अशिक्षित गुलाम होता, असे पुस्तक त्याच्याने लिहवणारच नाही, असा त्या पत्राचा आशय होता. डग्लसने त्याचे मनापासून आभार मानले. मी गुलाम होतो, हे आता मेरीलँडच्या गोऱ्या माणसानेच लिहून दिले होते.

धोका टाळण्यासाठी तो आयर्लंड-इंग्लंडला गेला. तो तिकडे होता ती दोन वर्षे ॲनाने लिन गावात बूट शिवण्याच्या कामावर मुले पोसली. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. पळून येण्याच्या वेळी पैशाची जमवाजमवही तिनेच केली होती. या सगळ्या लेखनाखाली तिचे कष्ट आहेत आणि डग्लसच्या आत्मकथनांत तिच्याविषयी फार थोडे लिहिलेले आहे. मला त्याचे वाईट वाटते.

चौथा दिवस : प्रवास

बॉस्टन ते रॉचेस्टर हा रस्ता सहाशे किलोमीटरहून थोडा अधिक. दिवसभर गाडी, डोंगरांवर पिवळी-तांबडी झाडे, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. वाटेत निनादने ‘गुलामगिरी’चे काही भाग मोठ्याने वाचून घेतले. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, ही त्यातली रचना ऐकताना मला पुन्हा वॉकरचा हाताचा खिळा आठवला. दोन्ही पुस्तके वाचणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यासाठी लिहिलेली आहेत.

पाचवा दिवस : रॉचेस्टर

डग्लसचे स्वातंत्र्य इंग्लंडमधल्या स्नेह्यांनी दीडशे पौंड देऊन विकत घेतले. तिकडेच जमलेल्या निधीतून त्याने परतल्यावर छापखाना घेतला आणि ३ डिसेंबर १८४७ रोजी ‘द नॉर्थ स्टार’ काढले. हे साप्ताहिक होते आणि वर्गणी वर्षाला दोन डॉलर. नाव ध्रुवताऱ्याचे, कारण पळणारे गुलाम रात्री तोच पाहून उत्तर दिशा धरत. गॅरिसनच्या मंडळींना हा उद्योग पसंत नव्हता. वृत्तपत्रे पुरेशी आहेत, तू भाषणे कर, असा त्यांचा सल्ला होता. म्हणूनच डग्लस गॅरिसनच्या गावापासून इतक्या दूर आला. अंक प्रकाशित करण्याच्या कामात सोबत होता विल्यम कूपर नेल, ज्याचे पुढचे बिऱ्हाड आम्ही स्मिथ कोर्टच्या बोळात पाहिले होते. डग्लसची मुले खिळे जुळवायला शिकली.

कचेरी जिथे होती तो बफलो स्ट्रीट आता मेन स्ट्रीट झाला आहे. याच कचेरीच्या वरच्या मजल्यावर १८४९ साली हॅरिएट जेकब्जचा भाऊ वाचनालय चालवत असे आणि हॅरिएट त्याला मदत करी. माउंट ऑबर्नमधल्या दोन्ही दगडांवरची माणसे इथे जिना चढत-उतरत होती! हॅरिएटने लिहावे हा आग्रह धरणारी मैत्रीण, एमी पोस्ट, तिला याच शहरात भेटली.

जवळच कोरिंथियन हॉल होता. ती इमारत आता नाही. ५ जुलै १८५२ रोजी तिथे पाच-सहाशे श्रोत्यांपुढे डग्लसने विचारले की, तुमचा चार जुलै गुलामाच्या दृष्टीने काय आहे? भाषणाच्या सुरुवातीला तो संस्थापकांची स्तुती करतो, पण बोलताना ‘तुमचे’ पूर्वज, ‘तुमचा’ सण, ‘तुमचे’ राष्ट्र असे म्हणत राहतो. ऐकणाऱ्याला ते खटकू लागेपर्यंत अर्धा व्याख्यानभर वेळ जातो आणि मग घाव बसतो. भाषण लगेच पुस्तिकारूपाने विकले गेले. मार्च १८६३मध्ये कृष्णवर्णीयांना सैन्यात बोलावणारे त्याचे आवाहन निघाले तेही याच शहरातून. त्या यादवी युद्धात १,८०,०००च्या आसपास कृष्णवर्णीय सैनिक लढले. पहिल्या दिवशी पाहिलेले ब्राँझमधले चेहरे त्यांच्यापैकीच.

दुपारी माउंट होप स्मशानभूमीत गेलो. आडवा, मोठा दगड, त्यावर कुणी ठेवलेले खडे आणि नाणी. शेजारी ॲना आहे, हे पाहून बरे वाटले. साउथ अव्हेन्यूवरचे त्यांचे घर १८७२ साली जळाले. त्यात डग्लसच्या वृत्तपत्राचे १८४८ ते १८६० या वर्षांचे बारा बांधीव खंड भस्मसात झाले. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते अग्निरोधक इमारतीत ठेवण्यासाठी थोड्याच आठवड्यांपूर्वी मागितले होते. आज जे अंक वाचायला मिळतात, ते इतरत्र जपले गेले म्हणून.

रात्री हॉटेलच्या खोलीत निनादच्या लॅपटॉपवर ‘नॉर्थ स्टार’चा पहिला अंक उघडला. हक्काला लिंग नाही, सत्याला रंग नाही, हे त्यातले ब्रीद दोघांनी वाचले. आत डग्लस स्वतंत्र पत्र का काढले ते सांगतो. गोऱ्या मित्रांना सोडून नव्हे, त्यांच्यासोबतच, पण आमचे वकील मुख्यतः आम्हीच असले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच दाद मागावी, असे एक वाक्य आहे आणि त्याला जोडून, ज्याला मार बसला त्यानेच... इथे आम्ही अडलो.

“‘ओरडावे’ म्हणू या,” मी म्हटले.

“मावशी, ओरडणे म्हणजे नुसता आवाज वाटतो. ‘आक्रोश करावा’?”

“आक्रोशात दुःख आहे, मागणी नाही. ‘टाहो फोडावा’ फार केविलवाणे होईल.”

“मग ‘हाक द्यावी’?”

“हाक दुसऱ्याला बोलावते. हा कुणाला बोलावत नाहीये, हा सांगतोय.”

निनादने वहीत चारही क्रियापदे एकाखाली एक लिहिली आणि पुन्हा मूळ पानाकडे वळला. ‘मार बसला’ आणि ‘ओरडणे’ या दोन्हींच्या जागी डग्लसने मोठ्या अक्षरांचे खिळे वापरले आहेत, हे तेव्हा त्याच्या लक्षात आले. त्याने मला ते वाक्य मूळ इंग्रजीत मोठ्याने वाचायला लावले. मोठ्या अक्षरांपाशी माझा आवाज आपोआप चढला. वहीतली बाकीची तीन क्रियापदे त्याने खोडली.